एका पायाची कळ, दोन्ही तळव्यांची बधिरता

पत्र

डॉक्टरसाहेब, रामकृष्ण हरी. माझं वय 51, राहणार पंचवटी. घरची पिकअप आहे. पिंपळगाव, दिंडोरीकडून भाजीपाला भरतो आणि रात्री कसारा घाट उतरून वाशी मार्केटला नेतो. भरताना-उतरवताना हात लावावाच लागतो. पाच आठवड्यांपूर्वी टोमॅटोचे क्रेट चढवताना कमरेत चमक भरली. दोन दिवसांनी कंबर जरा मोकळी झाली, पण डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगानं थेट अंगठ्यापर्यंत कळ जायला लागली. शिंकलो की करंट बसल्यागत होतं. गाडीत तासभर बसलं की उतरताना पाय टेकवत नाही. त्यात दोन्ही तळव्यांना मुंग्या येतात, रात्री आग होते. परवा चप्पल पायातून निसटली, ते चार पावलं पुढे गेल्यावर खाली बघितलं तेव्हा कळलं. शुगर नऊ वर्षांपासून आहे, मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. माळकरी आहे, तंबाखू मात्र सुटत नाही. एमआरआय काढला, त्यात चार-पाच आणि पाच-एक अशा दोन ठिकाणी गादी सरकल्याचं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल. दुसरे म्हणाले, सायटिका आहे, व्यायामानं जाईल. मेहुणा म्हणतो, ओळखीचा एक जण झटका देऊन गादी बसवतो. बायको म्हणते, हे सगळं शुगरमुळेच. नेमकं कारण काय? ऑपरेशन करू का? आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जाता येईल का? दरवर्षी जातो.

— एक वारकरी, पंचवटी

उत्तर

रामकृष्ण हरी, माउली.

तुमच्या भोवतालची सगळी माणसं थोडीथोडी बरोबर आहेत, मेहुणे सोडून. गोंधळ एवढाच झालाय की प्रत्येक जण एकच कारण शोधतोय आणि तुमच्या पायांत मला तरी दोन वेगवेगळी दुखणी दिसतात. डाव्या पायात जाणारी कळ हे एक, आणि दोन्ही तळव्यांची आग-बधिरता हे दुसरं. तुम्ही ती एका वाक्यात 'त्यात' म्हणून जोडून टाकलीत. पण जरा आठवून बघा, गेल्या उन्हाळ्यात रात्री पाय पांघरुणाबाहेर काढून झोपत होतात का? फरशीवर अनवाणी चालताना पायाखाली कापड असल्यासारखं वाटत होतं का? माझा अंदाज असा, की तळव्यांची तक्रार क्रेट उचलायच्या बरीच आधीपासून आहे. कमरेच्या ठणक्यानं तुमचं लक्ष पायांकडे गेलं इतकंच.

आधी डाव्या पायाचं बघू.

कमरेच्या शेवटच्या मणक्यांमधून आणि त्याखालच्या त्रिकोणी हाडातून नसांची मुळं बाहेर पडतात. ती एकत्र येऊन शरीरातली सगळ्यांत जाड नस तयार होते, ती कुल्ल्यातून मांडीच्या मागून खाली उतरते. तिलाच सायटिक नस म्हणतात. मुळाशी दाब आला की कळ मुळाशी थांबत नाही. द्राक्षबागेत ठिबकची नळी वरच्या टोकाला मुरगळली, तर पाणी तुटतं ते ओळीतल्या शेवटच्या वेलांचं. तुम्ही कितीही वेळ त्या वेलाच्या बुंध्याशी उकरत बसलात तरी काही सापडत नाही. पोटरी चोळून, अंगठ्याला तेल लावून तुमची कळ जात नाही ती यामुळे.

यात एक गोष्ट फार उपयोगाची आहे. प्रत्येक मुळाचा पायावरचा इलाका बऱ्यापैकी ठरलेला असतो. पोटरीच्या बाहेरच्या अंगानं, पावलाच्या वरच्या बाजूनं अंगठ्यापर्यंत जाणारी कळ बहुतेक वेळा पाचव्या कंबर-मुळाची असते. पोटरीच्या मागून टाचेकडे आणि करंगळीकडे गेली तर त्याच्या खालच्या, त्रिकोणी हाडातल्या पहिल्या मुळाची. मांडीच्या पुढून गुडघ्यावर आणि नडगीच्या आतल्या बाजूला आली तर चौथ्याची. आता तुमचा रिपोर्ट घ्या. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाजूला सरकते तेव्हा ती साधारणपणे पाचव्या मुळालाच दाबते. कळ अंगठ्याला जाते, शिंकल्यावर वाढते, बसल्यावर वाढते, सुरुवात वजन उचलताना झाली. हे सगळं एकमेकांशी जुळतं. म्हणून डाव्या पायापुरतं 'सायटिका' हे निदान मला पटतं. पाच-एकची, म्हणजे पाचवा मणका आणि त्रिकोणी हाड यांच्यामधली गादी मात्र रिपोर्टात आहे म्हणून आहे. तुमच्या तक्रारीत तिचा हात दिसत नाही.

हे शेवटचं वाक्य अनेकांना पटत नाही, म्हणून थोडं थांबतो. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एक आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतल्या दर 100 जणांपैकी 30 जणांची गादी फुगलेली निघाली, पन्नाशीतल्या 60 जणांची, ऐंशीच्या घरातल्या 84 जणांची. त्यांना काहीही दुखत नव्हतं. म्हणजे तुमच्या वयाच्या माणसाचा एमआरआय काढला आणि तो स्वच्छ निघाला, तर तेच नवल. फिल्मवर दिसलेली गादी दोषी ठरवायची तर कळेचा रस्ता, तपासणीत सापडलेली कमजोरी आणि फिल्म हे तिन्ही एका जागी यावे लागतात. नाशकात आता कुणाचंही कंबर दुखलं की आधी एमआरआय आणि मग डॉक्टर असा उलटा क्रम झालाय. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य ऐकून हातपाय गाळून बसलेली धडधाकट माणसं मला दर आठवड्याला भेटतात.

आता 'लगेच ऑपरेशन, नाहीतर पाय जाईल' या वाक्याबद्दल. ते म्हणणाऱ्या डॉक्टरांनी तुमच्या पायाची ताकद तपासली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सगळं त्यावर अवलंबून आहे. घरी एवढं करा: भिंतीला हात लावून टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. पलंगावर बसून दोन्ही अंगठे वर ओढा आणि बायकोला दोन्ही एकाच वेळी खाली दाबायला सांगा. डावा अंगठा पटकन पडत असेल, टाचेवर चालताना डावं पाऊल खाली लोंबत असेल, तर नस नुसती दुखत नाही, तिचं काम कमी पडू लागलं आहे. मग दोन-तीन दिवसांत मणक्याच्या सर्जनला दाखवा, आणि तसं असेल तर 'लगेच' म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या बोलण्याला वजन आहे. ताकद दोन्हीकडे सारखी असेल, तर घाईचं कारण नाही.

कारण गादीमुळे झालेली सायटिका बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते. बाहेर आलेला गादीचा गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. गंमत म्हणजे मोठा तुकडा बाहेर आलेला असेल तर तो आक्रसण्याची शक्यता जास्त असते, लहान फुगवटा मात्र तसाच राहू शकतो. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिका असलेल्या 283 रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं, अर्ध्यांना आधी थांबायला सांगितलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली, यात शंका नाही. पण वर्ष संपताना दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी सुमारे 39 टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलंच, बाकीच्यांना लागलं नाही. त्यामुळे ऑपरेशन वाईट असं मी म्हणणार नाही. पाय कमजोर होत नसेल, तर ते वेदना लवकर थांबवायचं साधन आहे, पाय वाचवायचं नव्हे. तुमचा पाचवा आठवडा चालू आहे. बाराव्या आठवड्यापर्यंत कळ उतरणीला लागली नाही, झोप-कामधंदा सगळं बंद पडलं, तर तेव्हा हा विचार पुन्हा करा. शांत डोक्यानं, दोन सर्जनांचं मत घेऊन.

तोपर्यंत काय करायचं? अंथरुणाला खिळून राहू नका. एक-दोन दिवसांपलीकडे पडून राहण्यानं नस सुटत नाही, स्नायू मात्र ढिले पडतात. थोडं थोडं चाला, सपाटीवर. तुम्हाला गौरी पटांगण जवळ आहे, तिथे सकाळी दोन फेऱ्या मारा. गोदाघाटाच्या ओल्या पायऱ्या सध्या नकोत. कळ कमरेकडे वर सरकायला लागली, म्हणजे अंगठा सोडून मांडीपर्यंतच राहू लागली, तर ती चांगली खूण आहे, मग कमरेत थोडं जास्त दुखलं तरी. उलट मांडीची कळ पावलाकडे उतरत गेली तर जे करताय ते थांबवा. फिजिओथेरपिस्टला एकदा प्रत्यक्ष दाखवून व्यायाम शिकून घ्या. मोबाइलवर आलेले व्हिडिओ बघून कमरेतून वाकायचे व्यायाम सुरू करू नका. पट्टा बांधायचा तर प्रवासापुरता, दिवसभर नाही.

क्रेट उचलणं निदान दोन महिने बंद. टोमॅटोचा भरलेला क्रेट वीस किलोच्या आसपास जातो, आणि तुम्ही तो वाकून, वळून, वर फेकता. गादीला याहून वाईट काही नाही. हमालीचे पैसे जातील ते जाऊ द्या. गाडी चालवायचीच असेल तर दर पाऊण-एक तासानं उतरा, पाच मिनिटं चाला. पाकीट मागच्या खिशात ठेवून बसता का? बहुतेक ड्रायव्हर ठेवतात. कुल्ल्यातल्या एका खोल स्नायूखालून ही नस जाते, पाकिटावर तासन् तास बसून तिथेही ती चेपते. कंबर ठणठणीत आणि कळ मात्र कुल्ल्यातून सुरू होऊन मांडीत जाते, असे काही रुग्ण असतात, त्यांचं मूळ तिथे असतं. तुमचं तसं वाटत नाही, पण पाकीट पुढच्या खिशात घालायला काही खर्च नाही. आणि डाव्या पायानं क्लच दाबताना पाऊल नीट उचललं जात नसेल, तर गाडी चालवू नका. कसारा घाटात हा प्रयोग नको.

मेहुण्यांचा झटका तेवढा टाळा. गादी ही काही खांद्यातून निखळलेलं हाड नाही, की ओढून जागेवर बसवता येईल. फुगलेल्या गादीवर जोरात झटका बसला आणि राहिलेला गर बाहेर आला, तर आज नुसती दुखणारी नस उद्या निकामी होऊ शकते. कुणी 'खास' पुड्या दिल्या तर त्याही घेऊ नका. असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, त्यानं दोन दिवस बरं वाटतं आणि शुगर आभाळाला भिडते. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही महिनाभर चालू ठेवू नका. नऊ वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडांचा विचार आधी करावा लागतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्ततपासणी, बघून मग डॉक्टर ठरवतील. नसांसाठी म्हणून प्रिगॅबालिन नावाची गोळी सर्रास दिली जाते. सायटिकेत ती औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाही, असं 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. मधुमेहाच्या तळव्यांच्या आगीवर मात्र ती उपयोगी पडते. पण तिनं गुंगी येते, आणि तुम्ही रात्री गाडी चालवता. डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय ती घेऊ नका.

आता तळवे. मला खरी काळजी इथली आहे, तुम्ही मात्र त्यांना पत्रात दोन ओळींत उरकलंत.

गादी दोन्ही तळव्यांना एकसारखी, मोजे घातल्यागत बधिरता सहसा देत नाही. जेव्हा दोन्ही पाय सारखेच, बोटांपासून सुरू होऊन वर सरकत बधिर होतात आणि त्रास रात्री जास्त असतो, तेव्हा नसांच्या टोकांना इजा झालेली असते. सगळ्यांत लांब नसांची टोकं पायाच्या बोटांत, म्हणून सुरुवात तिथून. मधुमेह हे याचं सगळ्यांत मोठं कारण. तुमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं इथे शंभर टक्के लागू पडतं. चप्पल निसटली आणि कळलं नाही, ही तर त्याची ठळक खूण आहे.

पण शुगरवर सगळं ढकलण्याआधी एक रक्ततपासणी करा, बी-12ची. तुम्ही माळकरी, म्हणजे मांस-मासे-अंडी नाहीत; हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं, शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं. त्यातून वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर आतड्यातून त्याचं शोषण आणखी कमी होतं. माळ आणि मेटफॉर्मिन एकत्र आले की मी बी-12 तपासल्याशिवाय पुढे जात नाही. याची कमतरता असली तरी तळव्यांना मुंग्या, बधिरता, आग अगदी अशीच होते. सकाळी बेसिनवर डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का, अंधारात चालताना पाय कुठे पडतोय ते कळत नाही का, जीभ लाल-गुळगुळीत झालीय का, ते बघा. ही कमतरता इंजेक्शनांनी किंवा गोळ्यांनी भरून काढता येते, आणि लवकर भरली तर बरीच बधिरता मागे हटते. उशीर झाला तर सगळी हटत नाही. रक्त द्यायच्या आधी इंजेक्शन घेऊ नका, नाहीतर आकडा फसवा येतो. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. शिवाय 'नसांच्या ताकदीच्या' गोळ्या कुणी दिल्या म्हणून महिनोन् महिने घेणारेही असतात. त्यांतल्या काहींत बी-6 भरपूर असतं आणि ते दीर्घकाळ जास्त मात्रेत गेलं तर त्यानंच नसा बधिर होतात.

सोबत तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, थायरॉइड, क्रिएटिनिन. आणि डॉक्टरांना सांगा, पाय उघडे करून तपासा. नायलॉनच्या बारीक तंतूनं तळव्याला स्पर्श करून आणि कंपन करणारा काटा अंगठ्यावर टेकवून पाच मिनिटांत कळतं, की संवेदना कुठपर्यंत गेली आहे. हजारो रुपयांच्या एमआरआयमध्ये हे दिसत नाही. पावलावरची नाडीही चाचपून घ्या. तुम्ही तंबाखूचं लिहिलंत म्हणून सांगतो. तंबाखू आणि मधुमेह दोन्ही मिळून पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद करतात, बिडी-सिगारेट असेल तर फारच. त्या दुखण्याची चाल वेगळी असते: ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते, नुसतं उभं राहिलं तरी दोन मिनिटांत सुटते, पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा आवळते. बसलं किंवा शिंकलं म्हणून ती वाढत नाही. तुमचं पत्र तसं नाही. पण ज्या पायाला संवेदना कमी आणि रक्तही कमी, त्या पायाची जखम भरत नाही, आणि 'पाय जाईल' ही भीती खरी ठरायची असेल तर ती या वाटेनं ठरते, गादीच्या नव्हे.

म्हणून आजपासून गरम पाण्याची पिशवी, मिठाच्या पाण्याचा शेक, विटेचा शेक, काही काही तळव्यांना लावायचं नाही. बधिर तळवा भाजतो आणि कळत नाही. कमरेला शेक चालेल, पाण्याची ऊब कोपरानं किंवा बायकोच्या हातानं बघून. घरातही चप्पल घाला. रात्री झोपताना तळवे आरशात किंवा मुलाकडून बघून घ्या, फोड, भेग, काटा, लाली काहीही दिसलं तर दुसऱ्याच दिवशी दाखवा.

तुमचं पत्र छापलं म्हणून इतर वाचकांसाठी थोडं. पायाला मुंग्या आल्या की सगळ्यांची सायटिकाच असते असं नाही. साठीच्या पुढच्या माणसाचे दोन्ही पाय चालताना जड होतात, भरून येतात, आणि पुढे वाकलं किंवा बसलं की मोकळे होतात. सायकल चालवता येते पण रामकुंडापर्यंत सरळ चालत जाता येत नाही. हा कण्याचा मार्ग अरुंद झाल्याचा प्रकार, गादीच्या बरोबर उलटा वागणारा. फक्त मांडीच्या बाहेरच्या बाजूला हातभर जागा बधिर किंवा जळजळणारी असेल, गुडघ्याखाली काहीच नसेल, तर पट्टा किंवा जीन्स फार आवळली जाते का, पोट सुटलंय का ते बघा. गरोदर बायकांनाही हे होतं आणि बहुतेकदा आपोआप जातं. लासलगाव-पिंपळगावच्या खळ्यांवर दिवसभर उकिडवं बसून कांदा निवडणाऱ्या बायकांना गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या हाडाच्या गाठीपाशी नस चेपली जाऊन पाऊल लोंबू शकतं. कंबर अजिबात दुखत नाही, तरी सगळे कमरेचीच फिल्म काढतात. जांघेत दुखतं, गुडघ्यापर्यंत उतरतं आणि मांडी घालून बसता येत नाही, तर खुब्याचा सांधा तपासा. एका पट्ट्यात आग होऊन चार दिवसांनी पुरळ-फोड उठले तर ती नागीण, तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेलं बरं. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, तर सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोगाचं औषध तिथे फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. लपवण्यात नसा जातात. एकच पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखते, विशेषतः ऑपरेशननंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर ती चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. आत रक्ताची गाठ असू शकते.

आणि कंबरदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारा ठणका असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा दुसरं काही गंभीर आहे का, ते बघावंच लागतं. पूर्वी कधी कॅन्सर झालेला असेल तर तेही आधीच सांगा. इथे वेळ घालवू नये.

माउली, तुमच्यासाठी एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, घरच्यांनाही वाचून दाखवा. लघवी-संडासच्या जागेभोवती, सायकलच्या सीटला टेकतो तेवढ्या भागात बधिरता आली, लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, संडासवरचा ताबा गेला, किंवा दोन्ही पाय ढिले पडू लागले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघायची नाही. गादीचा मोठा तुकडा शेवटच्या नसांच्या जुडग्यावर बसलेला असू शकतो, आणि तिथे ऑपरेशनला तासांचा हिशेब असतो. 108ला फोन करा, त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये किंवा जिथे मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या हॉस्पिटलात जा, आणि तिथे पहिलं वाक्य लघवीबद्दलच बोला. लाजेपायी 'कंबर दुखते' एवढंच सांगणारी माणसं रांगेत मागे पडतात.

राहिली यात्रा. पंचवटी ते त्र्यंबक तीस किलोमीटरच्या आसपास. तोवर कळ मांडीच्या खाली येत नसेल, टाचांवर नीट चालता येत असेल आणि सपाटीवर सलग पाच-सहा किलोमीटर तुम्ही आधी दोन-तीनदा चालून पाहिलेले असतील, तर दिंडीसोबत शेवटचा टप्पा चाला, अंजनेरीपासून पुढचा. तोपर्यंतचा रस्ता गाडीनं, आणि गाडी दुसऱ्या कुणी चालवायची. यातलं एकही जमत नसेल तर यंदा एसटी. अनवाणी मात्र अजिबात नाही, नवस असला तरी नाही. पौषातल्या डांबरावरचे खडे तुमच्या तळव्यांना कळणार नाहीत. पुढून रुंद, वापरून मऊ झालेले बूट घाला, आत सुती मोजे, आणि पायात घालण्याआधी बूट उलटा करून झटका. नवे बूट यात्रेच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. मंदिराच्या रांगेत बूट काढावे लागतील तेव्हा मोजे पायातच राहू द्या, बाहेर आल्यावर ते बदला आणि तळवे तिथेच कुणाकडून तरी बघून घ्या.